सदस्य आपल्या भाषेत बोलले

बाबा तिच्या कामाच्या जागी कधी आले नव्हते. त्या बुधवारी आले, ते काखेत एक डोकं घेऊन.

डोकं जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. कागदाच्या लगद्याचं, खऱ्या डोक्याहून थोडं मोठं, अजून रंग न लागलेलं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तेव्हा डबे उघडायची वेळ झाली होती. खिडकीखालच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत होते आणि सगळीकडे वितळलेल्या मेणाचा वास होता. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्याला वयाने मोठा म्हणून सगळे भाऊ म्हणत. त्याने टॉवेलात डोकावून पाहिलं.

"काका, पेशंट पूर्ण आणायचा असतो," तो म्हणाला. "नुसतं डोकं आणलंत तर दुखतंय कुठे हे सांगणार कोण?"

"याचं दुखणं निराळं आहे," बाबा म्हणाले. "याचं तोंड उघडत नाही."

बाबा हस्तकलेचे शिक्षक. शाळेत त्यांचं नाव लगदा सर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी सातवीचा प्रकल्प घ्यायला शाळा दर वर्षी त्यांनाच बोलवायची, आणि बोलावलं नसतं तरी ते गेले असते. प्रकल्पही चौतीस वर्षं एकच: डोंगराळ मुलखातल्या आदिवासींमधून निवडून आलेले पहिले सभासद. पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद होता आणि एक फोटो. पुढे वीस वर्षं ते सभागृहात होते, जंगलजमिनीचा कायदा त्यांनी करून घेतला, मुलांसाठी वसतिगृहं काढली, शहराशहरांत त्यांच्या नावाचे रस्ते झाले. बाबांना त्यातलं काही नको असायचं. त्यांना हवा असायचा तो पहिला दिवस. त्या दिवशी तो माणूस उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत एकोणीस मिनिटं बोलला. सभागृहात ती भाषा कुणालाच येत नव्हती. कामकाजाच्या नोंदीत अकरा वाजून चार मिनिटं ते अकरा वाजून तेवीस मिनिटं अशी वेळ आहे आणि पुढे एकच ओळ: 'सदस्य आपल्या भाषेत बोलले.'

ते काय बोलले असतील? एवढा प्रश्न फळ्यावर लिहून बाबा खडू खाली ठेवायचे. उत्तर लिहून द्यायचं नाही, हातांनी बनवून द्यायचं. चौतीस वर्षांत मुलांनी काय काय बनवलं होतं. काड्यापेट्यांच्या खुर्च्यांचं सभागृह. एकोणीसच मिनिटांचं घड्याळ. पहिलं पान कोरं असलेलं दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. एकाने तर नुसतं टेबल आणि पाण्याचा पेला करून आणला होता आणि विचारल्यावर म्हणाला होता, "पुढारी बाहेर गेलेत, सर, येतील." बाबांनी त्यालाही पैकीच्या पैकी दिले होते.

"दर वर्षी निम्मी पोरं त्यांचा चेहरा करतात आणि तोंड घट्ट मिटलेलं करतात," बाबा टेबलाशी स्टूल ओढून बसत म्हणाले. "फोटोत तसं आहे म्हणून. यंदा एका मुलीने विचारलं, सर, हे बोलतायत कुठे? चौतीस वर्षं, आणि मला सुचलं नाही."

"आता सुचलं ना."

"मला कुठे? तिला सुचलं. म्हणून तर डोकं घेऊन इथवर आलो. जबडा तुझ्या खात्यात येतो."

तिने करवतीच्या बारीक पात्याने हनुवटी कापून मोकळी केली, दोन्ही कानांखाली तारेच्या बिजागऱ्या बसवल्या, मागून एक दोरा काढला. दोरा ओढला की तोंड उघडायचं, सोडला की मिटायचं. दात नमुन्याच्या डब्यातले दिले. खालच्या जबड्याला चौदा लागतात. बाबा तळहातावर घेऊन मोजू लागले, ओठांतल्या ओठांत, त्यांच्या भाषेत. ती भाषा त्या पुढाऱ्यांची तीच बाबांचीही. चौदाव्या वर्षी ते डोंगरातून खाली वसतिगृहात आले होते आणि आता ती त्यांच्या तोंडून निसटायची ती फक्त मोजताना किंवा बोट कापलं तर. मोजताना ते सातनंतर एकदम नऊवर गेले. तिने न बोलता डब्यातून आणखी एक दात उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती मेण गरम करत होती.

बसपर्यंत सोडायला ती गेली. "शनिवारी ये," ते म्हणाले. "प्रदर्शन आहे."

"बघते."

"बघते म्हणजे नाही. तुझ्या आईकडून शिकलीस हे."

"कामं आहेत हो, बाबा."

"लोक एक दिवस दातांवाचून राहतील."

बस सुटताना त्यांनी खिडकीत टॉवेल बाजूला केला आणि दोरा ओढून त्या डोक्याचं तोंड दोनदा उघडून दाखवलं. शेजारी बसलेली बाई दचकून सरकली. खाली थांब्यावर ती हसली, रस्ता ओलांडून परत आली आणि राहिलेल्या तीन कवळ्या पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला बाबा शाळेच्या हस्तकलेच्या खोलीत हात धूत होते. नळ चालू होता. मुलांना वाटलं, सर वाकून काहीतरी शोधतायत. डॉक्टर आले तेव्हा काही उरलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस कसे गेले हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने नीट क्रमाने सांगितलं असतं. कोण आलं, कुणी काय आणलं, कोणत्या कागदावर सही लागली, कोणत्या कागदावर आईचा अंगठा चुकून शाईने बरबटला. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की ओठ जागेवर असतो, आरशात दिसतो, पण चावला तरी कळत नाही; तसं होतं. लोक गळ्यात पडून रडले की ती त्यांच्या पाठीवर हात फिरवायची आणि मनात म्हणायची, यांचा चष्मा माझ्या खांद्याला लागतोय. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागायची. त्याचीही तिला लाज वाटत नव्हती. वाटायला हवी, इतकं कळत होतं.

अकराव्या दिवशी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका तिच्याच वर्गातली, सातवीपर्यंत एका बाकावर बसलेली.

"अगं, प्रदर्शन आपण पुढे ढकललंय, या शनिवारी घेतोय," ती म्हणाली. "सरांचं कपाटही रिकामं करायला हवं. घाई नाही. पण आलीस तर बरं."

ती गेली. हस्तकलेची खोली जिन्याखालची, तीच. लांब टेबल, लगद्याच्या दोन बादल्या, भिंतीला सुतळीवर वाळत घातलेले कागद. कपाटात कात्र्या, पुठ्ठे, मोरचुदाची बाटली, आणि दांडी तुटलेला पेला, ज्यात चिकटवायला खळ शिजवून ठेवलेली असायची. खळ वाळून पेल्यालाच तडे गेल्यासारखं दिसत होतं. मुख्याध्यापिका दारात उभी राहिली.

"आपल्या वर्षी मी मातीच्या चपला केल्या होत्या, आठवतंय? डोंगरातून सभागृहापर्यंत झिजलेल्या. तू काय केलं होतंस?"

"नकाशा."

"हां, बटणांचा." मग ती जरा थांबून म्हणाली, "सरांची ती भाषा तुला येत असती तर आज फार बरं झालं असतं बघ. एक अडचण झालीय. पण तुमच्या घरी काकू इथल्या, तू कुठून शिकणार?"

ती कात्र्या एकात एक अडकवत राहिली.

अडचण टेबलापलीकडे बसली होती. बारा वर्षांची, कोपरापर्यंत रंगलेली, पुढे वर्तमानपत्रावर ठेवलेलं ते डोकं. डोक्याला आता रंग लागला होता. वर्गात तिला सगळे प्रश्नपेढी म्हणायचे, हे तिने स्वतःच सांगितलं.

"का गं?"

"मी प्रश्न विचारते म्हणून. तुम्ही सरांची मुलगी ना? जबडा तुम्ही केलात? उजवीकडची तार करकरते."

"तेल घाल."

"घातलं. तरी करकरते." मुलीने दप्तरातून एक वही काढली. "सरांनी मला भाषण लिहून दिलंय. आख्खी एकोणीस मिनिटं. घड्याळ लावून वाचलं होतं म्हणाले. त्यांच्या भाषेत आहे, पण अक्षरं आपलीच. शुक्रवारी ते माझ्या फोनवर आवाज भरणार होते, मग तो डोक्यात ठेवायचा होता. आणि गुरुवारी ते वारले."

"हो."

"मला वाचता येतं, पण कळत नाही. तुम्हाला येते का ती भाषा?"

"नाही," ती म्हणाली.

शब्द इतका चटकन बाहेर पडला, की जणू गेली एकोणतीस वर्षं दाराशीच चपला घालून उभा होता.

एकोणतीस वर्षांपूर्वी ती याच खोलीत, खिडकीकडून दुसऱ्या जागेवर बसली होती. प्रकल्पाचा पहिला तास. घरात बाबा तिच्याशी त्या भाषेत बोलायचे, तीही बोलायची. आई म्हणायची, तुम्ही दोघं मला पाहुणी करून ठेवता. शाळेत ते सर होते, आणि सरांचे उच्चार कसे निराळे आहेत हे मधल्या सुट्टीत एक मुलगा करून दाखवायचा. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने केलं होतं आणि सगळ्यांबरोबर तीही हसली होती. प्रकल्पाच्या पहिल्या तासाला बाबा दर वर्षी वर्गाला विचारायचे, ही भाषा कुणाला येते का. त्या वर्षीही विचारलं. लेक वर्गात आहे म्हणून त्या एका वर्षी न विचारणं बरं दिसलं नसतं. तिने मान खाली घातली. बाकावर कुणीतरी कर्कटकाने होडी कोरली होती, ती पाहत बसली. सर थांबले. पाच मोजून होतील इतके थांबले.

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "ठीक आहे. म्हणजे आपण सगळे त्या दिवशीच्या सभागृहातल्या लोकांसारखेच."

मुलं हसली. त्या संध्याकाळी घरी बाबांनी तिला दूध प्यायलीस का, असं विचारलं ते आईच्या, इथल्या भाषेत. त्यानंतर तीच भाषा राहिली. रागावले नाहीत, बोलणं सोडलं नाही, तिच्या बटणांच्या नकाशाला पैकीच्या पैकी दिले. त्यावर दोघांपैकी कुणी कधी काही म्हणालं नाही, आणि न म्हणता माणूस किती वर्षं काढू शकतो हे पाहिलं तर फार सोपं निघालं.

"मग मीच वाचते," प्रश्नपेढी म्हणत होती. "मी मागे उभी राहीन, एका हाताने दोरा, एका हातात वही. चुकलं तर कळणार कुणाला? सभागृहात तरी कुणाला कळलं होतं?"

"वाच बरं," ती म्हणाली, आणि पक्कड घेऊन उजवी तार पाहू लागली.

मुलगी वाचू लागली. बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारतात तसं, प्रत्येक शब्द सारख्या उंचीवर, श्वास संपेल तिथे थांबून. पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं, दुसऱ्याला जाऊन चिकटलं. तरी ते तिला कळलं. आठवावं लागलं नाही, जुळवावं लागलं नाही. पाणी टेबलावर सांडावं आणि आपोआप कडेपर्यंत यावं, तसं आलं.

बोलणाऱ्याने आधी आपण कुणाचे ते सांगितलं होतं. आईचं नाव घेतलं होतं. ते नाव त्या पुढाऱ्यांच्या आईचं नव्हतं. तिच्या आजीचं होतं.

पक्कड तारेवरून घसरली आणि नखाखाली लागली. म्हणजे भाषण पुढाऱ्यांचं नव्हतंच. पुढारी त्या दिवशी काय बोलले ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बाबांनाही नव्हतं. चौतीस वर्षं मुलांकडून करून घेतलेला प्रकल्प बाबांनी शेवटी स्वतः केला होता.

"रक्त आलं तुम्हाला," प्रश्नपेढी म्हणाली.

"थोडंसं. पुढे?"

"पुढे उद्या. माझी रिक्षा आली असेल."

मुलीने वही दप्तरात घातली. ती मागून घेता आली असती. बापाची वही लेकीने मागितली तर कोण नाही म्हणेल? पण का हवी, हे मुलीने विचारलंच असतं, आणि तिच्याशी खोटं बोलणं कठीण होतं. एकदा बोलून झालं होतं.

घरी आईने बाबांचे सदरे पलंगावर मांडले होते. कुठला कुणाला द्यायचा याची तिची मनात यादी होती.

"हा निळा तू ने," ती म्हणाली. "काम करताना घालायला बरा. काय केलंस शाळेत?"

"कपाट आवरलं. एक मुलगी बाबांनी लिहिलेलं भाषण वाचणार आहे. त्यांच्या भाषेतलं."

"म्हणजे कुणालाच कळायचं नाही." आईने एका सदऱ्याची कॉलर सरळ केली. "तुला कळेल."

तिने पलंगावरचा निळा सदरा उचलला.

"मला काय आंधळी समजतेस? लहानपणी झोपेत त्याच भाषेत बडबडायचीस. ताप आला की तर सगळं त्यातच. मी त्यांना कितीदा म्हटलं, बोला की हो तिच्याशी, पोरीची जीभ गंजेल. तर म्हणायचे, ती आपणहून सांगेल, मला येते म्हणून, तेव्हा बोलू."

"असं म्हणाले?"

"एकदा नाही, शंभरदा. मी म्हटलं, आणि नाहीच सांगितलं तर? तर म्हणे, थांबू." आईने सदरा घडी केला, परत उलगडला. "दोघंही एका माळेचे मणी. तू त्यांच्यासाठी थांबलीस, ते तुझ्यासाठी. आणि बस गेली निघून."

हे ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. तिने वाट पाहिली. सदऱ्याचं एक बटण सैल होतं, ते तिला दिसलं. सुई आणून तिने ते घट्ट केलं.

शनिवारी शाळेच्या सभागृहात टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. पालक चपला वाजवत फिरत होते आणि आपल्या मुलाचं सोडून बाकीचं पाहायचं टाळत होते. सव्वीस प्रकल्प. पुठ्ठ्याच्या डोंगरातून सुतळीने खाली उतरणारी एक बस. नोंद लिहिणाऱ्या कारकुनाचं पत्र: 'साहेब, मी त्या दिवशी लेखणी धरून बसलो होतो, पण माझ्याकडे तुमची अक्षरं नव्हती.' एका मुलाने सभागृहात बसलेल्या सगळ्यांचे फक्त कान बनवले होते, मातीचे, एकशे दहा, आणि त्याचे आजोबा ते खरंच मोजत होते. ती प्रत्येकासमोर उभी राहिली. बाबांनी काय विचारलं असतं, हे तिला प्रत्येक ठिकाणी ठाऊक होतं.

मग खुर्च्या मांडल्या. आई तिसऱ्या रांगेत कडेला बसली, ती तिच्या शेजारी. मुख्याध्यापिकेने सरांबद्दल चार वाक्यं सांगितली, चांगली सांगितली, आणि चष्मा पुसला. मंचावर टेबल, टेबलावर डोकं, डोक्यामागे प्रश्नपेढी. तिचे फक्त डोळे आणि भांग दिसत होता.

तोंड उघडलं. तार करकरत नव्हती.

सुरुवातीला लोक हसले, जबडा शब्दाच्या मागे पडत होता म्हणून. दुसऱ्या मिनिटाला हसू थांबलं. मुलगी चार दिवसांत सुधारली होती. कुठे थांबायचं ते तिने आपल्या मनाने ठरवलं होतं, आणि निम्म्या ठिकाणी ते बरोबर होतं. लोक ऐकत होते, म्हणजे ऐकतात तसे बसले होते. एक बाप फोनवर चित्रण करत होता. एका बाळाने जांभई दिली.

तिला सगळं कळत होतं. बाबा आधी आईचं सांगत होते, मग घराचं, घराला दार कुठे होतं आणि दारातून काय दिसायचं ते. वसतिगृहातल्या पहिल्या दिवसाचं. तिथे जेवणाला काय म्हणतात हे ठाऊक नव्हतं म्हणून दोन दिवस मागता आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी एका मुलाने हाताने खूण केली. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगायचं, तर कोणत्या भाषेत सांगायचं, हा प्रश्न असावा. मग सभागृहाचं आलं: खुर्च्या, पंखे, वर बसलेला अध्यक्ष, समोरचे मिटलेले चेहरे. बाबा आणि ते पुढारी इथे एकमेकांत असे मिसळले होते, की कोण उभं आहे ते सांगता येऊ नये.

"इतक्या माणसांत एकाला माझं बोलणं कळतंय, हे मला ठाऊक आहे," मुलगी त्या भाषेत वाचत होती, काय वाचते आहे ते न कळता, दोरा ओढत. "त्याने उठून सांगायची गरज नाही. मी खूप वर्षं त्याच्या उठण्याची वाट पाहिली. ते चुकलं. आता मला त्याला इतकंच सांगायचं आहे की"

मुलीने पान उलटलं.

"पावसाळ्यात तिथे चार महिने गाडी जात नाही," तिने वाचलं, त्याच चालीत, "आणि आजारी माणसाला खांद्यावर आणावं लागतं, म्हणून आमची पहिली मागणी."

तोंड उघडत होतं, मिटत होतं. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तिला आधी वाटलं आपण चुकलो. मग तिने वहीकडे पाहिलं. मुलीच्या हातातलं पान जाड दिसत होतं, एकाऐवजी दोन असावीत तसं, आणि वरच्या कडेला पिवळसर डाग होता. बाबांच्या हातांना कायम खळ लागलेली असायची. घरातली पुस्तकं, बिलं, तिची प्रगतिपुस्तकं, सगळी कुठे ना कुठे चिकटलेली असायची. आई म्हणायची, हा माणूस हात लावेल ते जोडून ठेवतो. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. मुलीने ती एक समजून उलटली होती. आणि जगात एका माणसाशिवाय कुणालाही ते कळणार नव्हतं.

भाषण पुढे चाललं होतं. अजून सात-आठ मिनिटं. संपेल, टाळ्या होतील, डोकं कपाटावर जाईल. नंतर मुलीला बाजूला घेऊन वही मागता येईल, पानं वाफेवर धरून सोडवता येतील. घरी, एकटीला. कुणाला काही सांगायचं कारण नाही. त्यांनी लिहूनच ठेवलं होतं, उठून सांगायची गरज नाही. ते तिच्यासाठी लिहिलं होतं की सभागृहातल्या कुणा काल्पनिक माणसासाठी, हेही आता विचारायची सोय नव्हती.

तिचे हात मांडीवर होते. बधिर, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. आई समोर पाहत होती.

मग ती उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मधल्या वाटेने पुढे गेली, मंचाच्या दोन पायऱ्या चढली. मुलीने दोरा सोडला. तोंड मिटलं.

"काय झालं?" प्रश्नपेढीने विचारलं. कुजबुजून नाही, तिच्या नेहमीच्या आवाजात. "तार तुटली?"

"नाही. एक पान राहिलं. चिकटलंय, बघ."

मुलीने पानाचा कोपरा चिमटीत धरून पाहिला. "हो की. पण तुम्हाला कसं कळलं? मला नाही कळलं."

मुख्याध्यापिका पहिल्या रांगेतून अर्धवट उठली होती, आणि तिच्या मागे सगळे, बाप, आजोबा, कानवाला मुलगा, मंचाकडे पाहत होते. फोन तिच्याकडे वळलेला होता.

"मला कळतं," ती म्हणाली. "ही भाषा मला येते. पहिल्यापासून येते. सरांनी वर्गात विचारलं होतं, तेव्हाही येत होती. मी गप्प बसले."